ऑफसाइडचा गोल

सकाळी साडेदहाला सासरे फुटबॉलची जपानी मंगा, म्हणजे चित्रकथा, काखेत मारून तरातरा निघाले. सुनेने घाईघाईने कॉमिक्सच्या दुकानात फोन लावला. तिथली दुकानदारीण गिऱ्हाइकाची आवड कधीच विचारत नसे, खोड विचारायची.

"ताई, बाबा तुमच्याकडे निघालेत. फार तापलेत. म्हणतात, गोल धडधडीत ऑफसाइड होता, पंचाने दिलाच कसा?"

"बरोबर आहे त्यांचं. ऑफसाइडच आहे तो."

"अहो, मग तेच पुस्तक का दिलंत? जन्मभर पंच म्हणून शिट्टी वाजवलेला माणूस. सांगितलं होतं ना मी, त्यांना चुका काढण्याशिवाय कशातच रस नाही."

"म्हणून तर दिलं. त्या पंचाची चौकशी दुसऱ्या भागात आहे. कसे येतायत, गाडीने?"

"छे, पायीच. थांबा म्हटलं तर ऐकेनात."

"येऊ द्या. खुर्ची काढून ठेवते."

फोन ठेवल्यावर कुठे सुनेच्या ध्यानात आलं: सासूबाई गेल्यापासून बाबांनी आज पहिल्यांदा उंबरठा ओलांडला होता.

दुपारी एकपर्यंत ते परतले नव्हते. दुकानातून एवढंच कळलं, की दुसरा भाग वाचून झालाय आणि पंचाला काय शिक्षा व्हावी यावर बाबांची तिथल्या गिऱ्हाइकांशी हुज्जत चालू आहे.