बारा नंबर

पाटसच्या सिद्दीकमामांनी माझ्या ड्रमच्या डाव्या हाताला उभं राहून वीस वर्षं बेस गिटार वाजवली. त्यांनी मान हलवली की आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा एका ठोक्यात थांबायचा. ते गेले, आणि त्यानंतर एकही गाणं धड संपलं नाही.

त्यांचा मुलगा अलीम वाजवायला आला, पण बापाच्या जागेवर पाय ठेवेना. उजवीकडं उभा राहायचा, मानही हलवायचा, पण थांबताना कुणीतरी पुढं, कुणीतरी मागं. पायाखाली वडिलांचाच, गिटारचा आवाज बदलायचा डिजिटल प्रोसेसर होता. त्यात बारा नंबरला सिद्दीकमामांनी आपल्या गिटारचा आवाज बसवून ठेवला होता. त्या बटणाला अलीम हात सोडा, पायही लावत नव्हता.

काल त्यांना जाऊन वर्ष झालं. मांडवगणच्या यात्रेत शेवटच्या गाण्याला त्यानं बारा नंबर दाबला.

गाणं एका ठोक्यात थांबलं.

अलीम ओशाळून माझ्याकडं आला. "आप्पा, डोळं भरलं आन् मान हलवायची ऱ्हायलीच. तुम्ही सगळी कुणाकडं बघून थांबला?"

 

मी, गाणारी सविता, कीबोर्डवाला, आम्ही तिघंही अजून डावीकडंच बघत होतो.