चार नंबरचा स्वेटर

थोरल्या मुलाची मुलगी पहिलीत गेली त्याच वर्षी आई तिच्या शेजारी बसून अक्षरं शिकली. आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी, लेकीच्या कॉम्प्युटरपुढे बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून ती म्हणाली, “माझा चार कुठे गेला?”

लेक वेबसाइट बनवायची. दोन भावांच्या पाठीवर झालेली, एकुलती एक मुलगी. कागदोपत्री नाव लांबलचक, पण आई जन्मापासून चारू म्हणायची म्हणून सगळेच चारू म्हणत. आईच्या विणकामाची वेबसाइट करायचं तिनेच मनावर घेतलं होतं. आईने नुसतं टाइप करायचं. ओळीआधी जाळीसारखी # ही खूण टाकली की मथळा, शब्दाला दोन्हीकडून चांदण्या लावल्या की तो ठळक. त्या खुणा ओळखून पान सजवायचं काम एका लायब्ररीचं, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं.

“लायब्ररी म्हणतेस, पण पुस्तक एक दिसत नाही,” आई म्हणाली होती.

त्या लायब्ररीला मराठी आकडे कळत नव्हते. आईच्या सगळ्या ओळी ती एकाच परिच्छेदात कोंबायची. चारूने दोन दिवस डोकं घालून तिला एक ते नऊ शिकवले. आज पहिल्यांदा यादी झोकात उभी राहिली होती. वर मथळा होता, ‘घरातल्या बाळांचे स्वेटर’. खाली एक, थोरला, निळी लोकर. दोन, मधला, हिरवी लोकर, डाव्या बाहीत टाका सुटलाय. तीन, चारू, पिवळी लोकर, उसवलेली. मग नातवंडं.

“तू चार टाकलास, पण तीन टाकायला विसरली होतीस,” चारू म्हणाली. “लायब्ररीने नीट करून दिलं.”

“मी विसरले?”

“होतं गं असं. नव्याने शिकलेल्या माणसाचं होतं.”

 आईने एका बोटाने तीच ओळ खोडली आणि पुन्हा चार घातला. पान उघडलं. तीन. पुन्हा खोडली, पुन्हा चार. पुन्हा तीन. स्वेटरचा गळा चुकला की उसवायची, तशी न चिडता ती उसवत होती. चारूला हसू आलं. आईचा हा हट्ट तिच्या ओळखीचा होता.

“ही बाई माझे आकडे वाचते तरी का?”

“पहिला वाचते. पुढचे बघत नाही, आपले आपण मोजत जाते. माणसं मोजताना चुकतात ना, म्हणून.”

“आणि जो चुकला नाही, त्याने काय करायचं?”

चारूने मान वर केली. दीडशे टाक्यांच्या ओळीत गप्पा मारता मारता एक टाका इकडचा तिकडे न होऊ देणारी ही बाई. ती तीन विसरेल?

“आई, मग तीन नंबर कुणाचा?”

“तू आधी माझा चार दे. नाहीतर नको मला तुझं ते पान. वही बरी माझी, लिहिलं ते लिहिलं.”

आईने खुर्ची मागे सरकवली. चारूने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दोन दिवस खपून लिहिलेला नियम तिने एका ओळीत बंद केला. यादी करायचीच नाही, असं लायब्ररीला सांगितलं. आई जिथे ओळ तोडेल तिथे तूही तोड, एवढी एकच सेटिंग चालू ठेवली. पान पुन्हा उघडलं. यादीची ऐट गेली होती. ओळी साध्यासुध्या, एकाखाली एक. एक. दोन. चार.

आईने पडद्यावरच्या चारवर बोट ठेवलं, जरा दाबूनच.

“हं. आता बरोबर.”

“आता सांग.”

“काय सांगायचंय? तीन नंबरचा विणून झालाच नाही. एक बाही राहिली. पिवळा होता. दोन वर्षं ट्रंकेत होता, मग तुझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा उसवला आणि त्याच लोकरीचा तुझा विणला.” आईने चष्मा काढून पदराने पुसला. “तू झालीस तेव्हा नर्सने विचारलं, ‘कितवी?’ मी म्हटलं, ‘चौथी.’ तुझे बाबा म्हणाले, ‘तिसरी.’ मी म्हटलं, ‘चौथी.’ नर्स हसायला लागली, म्हणाली, यांचं आधी ठरू द्या. त्या दिवसापासून तुला चारू म्हणते. तुला काय वाटलं, चारू म्हणजे सुंदर? अगं, वांग्यासारखी होतीस, जांभळी!”

चारूला हसायचंही होतं. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“मग तिथे तीन लिहू? काहीतरी?”

“नको. टाका सुटलाय तो सुटलेलाच दिसू दे. फक्त कुणी बुजवू नका.”

पान त्याच दुपारी वेबसाइटवर चढलं. अजून आहे. एक, दोन, चार. अधूनमधून कुणी गिऱ्हाईक चूक कळवतं, आणि चारू दर वेळी उत्तर लिहिते, की आकडे बरोबर आहेत.

तिसरं बाळ मुलगी होती. मधला चालायला लागला त्या वर्षी, दवाखान्यातून घरी येण्याआधीच, अकराव्या दिवशी ती वारली.