आळसाचा ठपका

“अपघाताचं कारण : कामगाराचा आळस,” मॅनेजरने वाचलं आणि कागद पुढे सरकवला. “इथं सही करा, बाई.”

वेल्डरच्या आईने पेनला हात लावला नाही. मुलाला जाऊन नऊ दिवस झाले होते. स्टीलच्या मोठ्या टाकीत तो आतून जोड मारायला उतरला आणि तिथेच संपला. अंगावर ना जखम, ना भाजल्याची खूण. टाकीला पाठ टेकून बसलेला सापडला. त्यावरून सुपरवायझरने लिहून दिलं, कामावर झोपा काढत होता.

“टाकीत कुठला वायू होता?”

“अरगॉन. जोड काळा पडू नये म्हणून सोडतात. अगदी निरुपद्रवी. विषारी नाही, पेट घेत नाही.”

आईने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं.

“नावाचा अर्थ ठाऊक आहे त्याच्या? मूळ ग्रीक शब्द आहे, ‘आर्गोस’. म्हणजे आळशी. कुणाशी संयोग पावत नाही, म्हणून हे नाव ठेवलं. पण हवेपेक्षा जड. तळाशी साचतो आणि प्राणवायूला हुसकावतो. वास नाही, रंग नाही. माणसाला कळायच्या आत हातपाय गळतात. माझ्या मुलाच्या छातीत शिरून त्या वायूनं काहीच केलं नाही, साहेब. म्हणून माझा मुलगा गेला!”

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. “बरं, ‘आळस’ खोडू. ‘अनवधान’ लिहू. मग तर झालं?”

आईने पान उलटलं. मागे सुपरवायझरचा जबाब जोडला होता. तिने तो वर्गात वाचावा तसा खणखणीत वाचला.

“‘दहा वाजून पाच मिनिटांनी टाकीत डोकावलो. हाक मारली. तो झोपलेला दिसला. पावणेअकराला त्याला उठवायला माणूस पाठवला.’”

तिने कागद टेबलावर ठेवला.

“चाळीस मिनिटं!” तिचा आवाज चिरकला. “हाकेला ओ आली नाही, तरी चाळीस मिनिटं कुणाला वायू बंद करावासा वाटला नाही? ‘आळस’ राहू द्या, साहेब. ‘कामगाराचा’ तेवढं खोडा.”

सुपरवायझर दाराशीच उभा होता. त्याने खाली मान घातली.

“हाक मारली तेव्हा त्यानं हात वर केला होता, बाई,” तो म्हणाला. “मला वाटलं, थांबा म्हणतोय.”