चौकीचं छप्पर

देशाचं आकाश वैमानिक राखतात. पण त्या वैमानिकांना कोण राखतं? फाटक! असं हवाई तळाच्या मागच्या फाटकावरच्या हवालदाराचं ठाम मत होतं, आणि युद्ध सुरू झाल्यापासून ते तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी. मागच्या फाटकानं येणारे-जाणारे म्हणजे दूधवाला, कपडे धुणारी बाई आणि कचऱ्याची गाडी. एकदा एक शेळीही आत शिरली होती, पण ती त्याच्या जेवणाच्या सुट्टीत.

तळावर त्याला पाठीमागे ‘कडीकोयंडा’ म्हणत. परवलीचा शब्द रोज सकाळी बदले, आणि तो येत नसेल तर कडीकोयंडा सख्ख्या भावालाही आत घेत नसे. खुद्द तळाच्या मोठ्या साहेबांना त्यानं एकदा पुढच्या फाटकावर भर उन्हात उभं करून ठेवलं होतं. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली आणि मागच्या फाटकावर बदली.

आज सकाळी फाटकाच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस उभा होता. आतल्या अंगाला मोटारसायकलवरचा निरोप्या. बाहेरच्या अंगाला एक अनवाणी इसम; अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, भुवया जळालेल्या.

“काका, दांडा उचला,” निरोप्यानं परवलीचा शब्द सांगितला, पासही दाखवला. “काल एक विमान परत आलं नाही ना, त्याच्या वैमानिकाच्या आईला तार करायचीय. मुलगा गेला म्हणून.”

“ती माझी आई आहे,” बाहेरचा म्हणाला. “आणि मी गेलेलो नाही.”

हवालदारानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “शब्द?”

“कालचा सांगतो. आजचा मला कसा ठाऊक असणार? विमान पडलं तिथपासून रात्रभर चालत आलोय.”

“कागद?”

“उडायच्या आधी जमा करून घेतात.”

“तळाबाहेर कधी गेलास?”

“काल. विमानानं.”

“म्हणजे फाटकानं नाही. जो बाहेर गेलाच नाही, तो परत कसा येईल?”

अशा प्रश्नांना उत्तर नसतंच. म्हणून तर ते सरकारी प्रश्न.

चौकीतला टेलिफोन कालच्या बॉम्बपासून मुका होता. निरोप्या कालच बदलून आलेला, कुणाला चेहऱ्यानं ओळखत नव्हता. “आत जाऊन एखाद्या साहेबाला घेऊन ये,” हवालदार त्याला म्हणाला.

“मला बाहेर जायचा हुकूम आहे, आत जायचा नाही.”

एरवी हे उत्तर हवालदाराला फार आवडलं असतं.

“अहो, तिचं काळीज अगदी नाजूक आहे,” वैमानिकानं दांडा दोन्ही हातांनी धरला. “ती तार वाचून खाली बसेल ती पुन्हा उठायची नाही. मला हवं तर कोठडीत टाका, पण ह्याला थांबवा.”

नियम लख्ख होता. खोटी बातमी पास घेऊन आली होती, ती बाहेर जाणार. खरा माणूस बिनपासाचा, तो बाहेरच राहणार. हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“इथलं असं काही सांग, जे बाहेरच्याला माहीत नसतं.”

“हे फाटक मी जमिनीवरून आजच बघतोय. रोज बघतो ते वरून.”

“मग वरचं सांग.”

वैमानिकानं निरोप्याकडे पाहिलं. “ह्याच्यासमोर सांगू?”

“खुशाल सांग. फाटकाला लपवण्यासारखं काही नसतं.”

“चौकीच्या छपरावर काठीला एक चड्डी वाळत असते. निळ्या पट्ट्यांची. बसायच्या जागी लाल ठिगळ आहे.”

निरोप्यानं मोटारसायकल बंद केली. नीट ऐकू यावं म्हणून.

छपरावर तोफ येणार म्हणून चहूकडून वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती. तोफ काही आली नाही. आडोसा मात्र झकास झाला होता. खालून काठीचं टोकसुद्धा दिसत नसे, आणि शिडी चौकीच्या आतून होती. ठिगळाची खबर तर जगात दोघांनाच होती: एक हवालदार आणि दुसरी ते लावणारी त्याची बायको.

दांडा एका झटक्यात वर गेला.

“या साहेब,” हवालदार म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

वैमानिकानं निरोप्याकडून तारेचा कागद मागून घेतला, उलटा केला आणि मागे लिहिलं: ‘मी पोचलो. जेवून झोपतो.’

“पण यावर सही कुणाची?” निरोप्यानं विचारलं.

“माझीच घे. मेलेला माणूस सही करत नाही, तेव्हा तीच बातमी समज.”

मोटारसायकल धूळ उडवत गेली. हवालदारानं कडक सलाम ठोकला. “साहेब, पुढच्या वेळी मात्र वरूनच या.”

वैमानिक लंगडत आत निघाला. त्याची पाठ वळताच हवालदार शिडी चढला, चड्डी ओढून काढली, घडी घालून सदऱ्याच्या आत कोंबली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं दांड्याजवळ येऊन उभा राहिला.

दूरवर घरघर ऐकू आली. पहाटे गेलेली विमानं परतत होती. वैमानिक थबकला. त्यानं आभाळाकडे पाहिलं, मग वळून छपराकडे, मग हवालदाराच्या फुगलेल्या सदऱ्याकडे. आणि तशाच अनवाणी, सोललेल्या पायांनी तो धावत परत आला.

“हवालदार, अहो, धावपट्टीवरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी जळाल्यापासून, उतरताना वारा कुठला ते आम्ही तुमच्या छपरावरच्या काठीवरच बघतो. एवढी कृपा करा. ती चड्डी पुन्हा वाळत घाला.”