भिंतीवरचा टोस्टर

हात थरथरतात म्हणून कॉन्रॅडने आपल्या आईला, आयडाला, गॅसजवळ फिरकायची बंदीच करून टाकली. तिचा लांब दांड्यांचा लोखंडी सँडविच टोस्टरही त्याने घासूनपुसून हॉलमध्ये भिंतीवर टांगला. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढत आणि आयडा खुर्चीतून बघत बसे.

रविवारी सगळी मंडळी उत्तनला घरामागच्या किनाऱ्यावर जमली. शेकोटी पेटली, ब्रेडला बटर-चटणी लागली आणि सून स्टेफनीने पिशवीतून नवाकोरा विजेचा टोस्टर काढला. त्याची वायर हातात धरून कॉन्रॅड वाळूत प्लग शोधल्यासारखा उभा!

आयडा तडक घरी गेली आणि भिंतीवरचा टोस्टर घेऊन आली.

"मम्मी, भाजशील! दे इकडं."

"सरक बाजूला."

तिने दोन्ही हातांनी दांडे आवळून तो निखाऱ्यांवर धरला. हात थरथरत होतेच, पण नातवंडांनी तीन-तीनदा मागून खाल्लं तरी एकही सँडविच करपलं नाही.

निघताना कॉन्रॅडने टोस्टर परत टांगायला हात पुढे केला. आयडाने त्या हातात विजेचा टोस्टर ठेवला.


"खिळा रिकामा हाय ना? मग ह्यो टांग."