मोज्यातला आवाज

“सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं!”

गादीवाल्याने हे बायकोच्या लोकरी मोज्याला सांगितलं. मोज्यात फोन होता, फोनखाली तीन उशा, आणि चहूबाजूंनी छतापर्यंत कापसाचे गठ्ठे. बाहेर हातोडा पडला तरी आत उशी पडल्यासारखं वाटायचं. पॉडकास्ट करायला जगात याहून चांगली जागा नाही असं त्याचं मत होतं, आणि जग पाहिलेलं नसल्यामुळे ते फार पक्कं होतं.

जागा मिळाली होती, सूर मिळत नव्हता. आधी तो बातम्या देणाऱ्यासारखा बोलला. लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं. मग मऊ आवाजात शांत झोपेचे उपाय सांगितले. मेव्हण्याने कळवलं, उपाय गुणकारी आहे, पहिल्याच वाक्याला डोळा लागला. पण अलीकडे काय जादू झाली कोण जाणे, लोक ऐकायला लागले, एकमेकांना पाठवायला लागले. आज तर खरं हसू टिपायचं म्हणून त्याने माणसंच बोलावली होती. पुढच्या गादीवर बायको आणि औषधवाला. मागे गठ्ठ्याला टेकून कुलूपवाला. रोज संध्याकाळी याच दुकानात बसून थापा मारणारा हा त्याचा जुना दोस्त. पण फोन त्याचा अजून बटणांचा, त्यामुळे एकही भाग त्याने ऐकलेला नव्हता.

पहिल्याच वाक्याला कुलूपवाला चमकला. वाक्य त्याचं होतं.

मग गादीवाल्याने डावा डोळा बारीक केला आणि टाळ्याला जीभ लावून ‘टॉक’ असा आवाज काढला. तोही त्याचाच.

“तर एकदा मी एका शेठजींची तिजोरी नुसती शिंकून उघडली. दुसरी शिंक आली, शेजारची तिजोरी उघडली. तिसरी मात्र नाक धरून दाबली. समोर तुरुंग होता!”

औषधवाला पोट धरून हसला. “काय माणूस आहेस तू! सुचतं कुठून हे?”

“सुचायचं काय त्यात? अंगातच असावं लागतं.”

कुलूपवालाही हसला. आता हा आपल्याकडे बोट दाखवेल म्हणून त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. बोट काही आलं नाही. जाऊ दे, त्याने मनात म्हटलं, थापच ती. दोघांनी वापरली म्हणून झिजते थोडीच.

गादीवाल्याने आवाज खाली आणला. “आता घरचा किस्सा. एकदा दुपारी बायको रुसली. खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं.”

“मी?” बायको उसळली. “अहो, आपल्या घरात आतून लागणारं दार एकच, बाथरूमचं. आणि तिथे तासतासभर तुम्ही बसता!”

पुन्हा हशा. कुलूपवाला हसला नाही.

हे त्याने आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, याच दुकानात, याच माणसाला. तेव्हा डोळा बारीक केला नव्हता, टॉक केलं नव्हतं, विश्वास बसणार नाही असंही म्हटलं नव्हतं. कुलूपवाल्याची बायको दुपारी झोपेतच गेली, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. दार आतून बंद होतं आणि दाराबाहेर तो बसला होता, हे फक्त गादीवाल्याला. “कुणाला बोलू नकोस,” तो म्हणाला होता. गादीवाल्याने त्याचा हात हातात घेतला होता.

“जाताना ती काय म्हणाली माहितेय?” गादीवाला मोज्याकडे झुकला. “म्हणाली, गावभरची दारं उघडता ना? या एका दाराला हात लावायचा नाही!”

शब्दसुद्धा तेच होते.

“पण मी कसला ऐकतो! खिशातून तार काढली, कुलपात घातली, आणि...” त्याने जीभ टाळ्याला लावली. टॉक. “दार सताड उघडं! बघतो तर काय, राग गेला कुठल्या कुठे, बाईसाहेब गादीवर घोरतायत! आणि गादी कुणाची? आपल्याच दुकानातली!”

औषधवाल्याने टाळी दिली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

“खोटं,” मागून आवाज आला.

सगळे वळले. गादीवाल्याचं हसू जरा उशिरा उतरलं. “अरे, तू म्हणावंस हे? तुझ्या तोंडून कधी...” त्याने दोस्ताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबला. मग हळूच म्हणाला, “एवढं मी काढून टाकतो. काढता येतं ते.”

“भाऊजी, काय झालं?” गादीवाल्याच्या बायकोने विचारलं.

कुलूपवाला उठला. गाद्या ओलांडत पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि मोज्याला तोंड लावून बोलला, एकदम साध्या आवाजात, दुकानात पत्ता विचारावा तसा.

“उघडलं नव्हतं. तार खिशातच होती. म्हटलं, या खेपेला तिचं ऐकावं. राग गेला की उघडेल तीच.”