आधी गुड मॉर्निंग

ग्रेनाडाच्या धक्क्याला जहाज लागलं, की इस्मेच्या अंगणात माणसं दिसायची. एरवी ती आणि कोंबड्या. पाहुणे शर्टावर जहाजाचा बिल्ला चिकटवून यायचे, जायफळाच्या झाडाखाली फोटो काढायचे, कोकोचा चहा प्यायचे आणि भोंगा वाजायच्या आत पळायचे. इस्मेला चीड एकाच गोष्टीची होती. ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्याशिवाय या बेटावर कुणी बोलायला सुरुवात करत नाही, आणि ही मंडळी आल्या आल्या सरळ प्रश्नच विचारायची.

“अगं, खेकसू नकोस त्यांच्यावर,” शेजारची व्हर्ना कुंपणावरून म्हणायची. “परत नाही यायचे.”

“नाहीतरी गेलेलं कोण परत येतं गं इथं?”

त्या सकाळी ती फाटकाकडे पाठ करून जायफळावरची जायपत्री सोलत बसली होती. मागून दबका आवाज आला, “आत येऊ का?”

“आधी गुड मॉर्निंग म्हणावं, बाबा!” मान न वळवताच ती करवादली. “तुझ्या आईनं काही वळण लावलं की नाही?”



“लावलं होतंस, आई,” बिल्लेवाला पाहुणा म्हणाला. “येऊ ना? जहाज चारला सुटतंय.”